बाल्कनीत उकाडा, पहिल्या रांगेत शाल : एका नाट्यगृहातल्या हवेच्या थरांचं प्रकरण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक नाट्यगृह. खाली साडेपाचशे खुर्च्या, वर बाल्कनीत अडीचशे. तक्रार जुनीच होती. पुढच्या तीन-चार रांगांतली नेहमीची मंडळी मे महिन्यातही शाल घेऊन येतात आणि बाल्कनीतली माणसं मध्यंतराला रुमालाने मान पुसत बाहेर पडतात. व्यवस्थापनाने एका कंत्राटदाराकडून प्रस्ताव मागवला. सध्याचा ८० टनांचा एसी प्लांट अपुरा आहे, ११० टनांचा बसवा, असं उत्तर आलं (एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढायची ताकद). सोबत सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावर हॉलचं मॉडेल करून काढलेल्या आकड्यांचा, जाडजूड अहवाल होता. तो पडताळून बघायचं काम आमच्याकडे आलं. नाट्यगृहाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत आणि मापं सोयीसाठी पूर्णांकाजवळ आणली आहेत.

अहवालातलं मॉडेल एनर्जीप्लस या इमारतींच्या उष्णतेचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं होतं आणि त्यात उघड चूक अशी काही नव्हती. भिंती, छत, माणसं, दिवे, सगळं जागेवर होतं. अख्खं प्रेक्षागृह मात्र एकच झोन होतं. या सॉफ्टवेअरमध्ये झोन म्हणजे हवेचा एकच बिंदू. आतली सगळी हवा ढवळून एकजीव झाली आहे आणि तिचं तापमान सगळीकडे सारखं आहे, हे त्यामागचं मूळ गृहीत. तीन मीटर उंचीच्या ऑफिसला ते चालून जातं. इथे फॉल्स सीलिंग साडेदहा मीटरवर आहे आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचं डोकं जमिनीपासून जवळजवळ पावणेआठ मीटरवर येतं. मॉडेलच्या लेखी तो माणूस आणि पहिल्या रांगेतली शाल घेतलेली बाई एकाच हवेत बसलेली आहेत.

मग बाल्कनी थंड करायची तर अशा मॉडेलमध्ये फिरवायला एकच खुंटी उरते, सगळ्या हॉलचं तापमान खाली आणणं. अहवालात नेमकं तेच केलं होतं. सेटपॉइंट, म्हणजे यंत्रणेला ठरवून दिलेलं तापमान, २४ वरून २० वर नेला, वर २५ टक्के राखीव धरले आणि आकडा ११० वर पोचला.

सेटपॉइंट चार अंश उतरवला की मुंबईत काय होतं ते आकड्यांतून दिसतं. आठशे माणसांना अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेच्या ६२.१ या ताज्या हवेच्या मानकाप्रमाणे माणशी २.५ लिटर आणि चौरस मीटरला ०.३ लिटर ताजी हवा दर सेकंदाला लागते. सुमारे ६०० चौरस मीटर धरले तर हे जवळपास २.२ घनमीटर होतात. जुलैतल्या संध्याकाळी बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या दर किलोत साडेएकवीस ग्रॅम पाणी असतं. आत २४ अंश आणि ५५ टक्के ठेवायचे तर दहा ग्रॅमच्या वर चालत नाही. मधले अकरा ग्रॅम कॉइलवर, म्हणजे एसीतल्या थंड पाण्याच्या नळ्यांवर, पाणी करून काढायचे, म्हणजे साधारण ७० किलोवॅट खर्च होतो. हवा थंड करायला वर आणखी पंधरा. तुलनेसाठी, नाटक बघत बसलेला माणूस सुमारे ७० वॅट कोरडी उष्णता आणि ३५ वॅटची ओल देतो, त्यामुळे आठशे माणसांची ओल भरते २८ किलोवॅट. हाउसफुल्ल प्रयोगात सगळ्यात मोठा घामट पाहुणा म्हणजे बाहेरची हवाच. सेटपॉइंट २० वर नेला की या एका खात्यावर २४ किलोवॅट, म्हणजे सात टन, आणखी चढतात, आणि त्यातून पुढच्या रांगा अजून गारठतात.

हॉलचा संध्याकाळचा एकूण भार आमच्या हिशेबात ६० टनांच्या आसपास आला आणि रंगमंचाचे आणखी दहा. ८० टनांच्या प्लांटला हे झेपायला हवं. पण हाउसफुल्ल प्रयोगातही प्लांट पूर्ण ताकदीने चालत नव्हता. कॉइलवरचा पाण्याचा व्हॉल्व्ह निम्मा मिटलेला असायचा. बाल्कनी २७ अंशांवर असताना यंत्रणेला कुणीतरी सांगत होतं की पुरे झालं.

थर मोजायचे कसे

मॉडेलला हात लावण्याआधी हॉलमध्ये लॉगर टांगले. सीलिंगमधल्या कॅटवॉकवरून नायलॉनच्या दोरीला तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर बांधून बाल्कनीच्या कठड्यापुढे सोडले, एक खुर्चीच्या पाठीला अडकवला, एक शेवटच्या रांगेमागच्या भिंतीवर. पुढच्या स्पॉटचा झोत ज्या लॉगरवर पडतो, तो हवेचं तापमान न दाखवता प्रकाशाने तापलेल्या प्लास्टिकचं दाखवतो. त्यामुळे प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी उघडी अशी चकचकीत फॉइलची नळी घातली. हे केलं नाही तर वरच्या थराचे आकडे दोन-तीन अंशांनी सहज फुगतात आणि मग त्या फुगवट्यावर मॉडेल जुळवत बसावं लागतं.

तिथला वायरमन बरीच वर्षं कॅटवॉकवर वावरलेला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन काय सांगायचं ते सांगू दे. पण दुसऱ्या अंकात एकदा वर येऊन बघा. स्पॉट लावायला गेलं की दोन मिनिटांत बनियन भिजतं." त्याचं म्हणणं आकड्यांनी शब्दशः खरं केलं. हाउसफुल्ल प्रयोगात, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याशी २२.५ अंश, तीन मीटरवर २३.४, पाच मीटरवर २४.६, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत २७ आणि फॉल्स सीलिंगच्या खाली जवळपास ३० अंश नोंदले गेले. सरासरी चढ दर मीटरला ०.८४ अंशांचा, पण तो सरळ रेषेत नाही. पाच मीटरपर्यंत अर्ध्या अंशाने चढतो, त्याच्या वर दर मीटरला एक अंशाहून जास्त. रिकाम्या हॉलमध्ये एसी चालू ठेवून मोजलं तेव्हा हाच चढ मीटरला ०.३ वर आला.

आर्द्रतेने मात्र अपेक्षा मोडली. बाल्कनी 'दमट' आहे असं सगळेच सांगत होते. हवेतलं पाणी खाली-वर जवळपास सारखंच निघालं, किलोमागे दहा ग्रॅमच्या थोडं वर. तेवढ्या पाण्याला २२.५ अंशांवर ६० टक्के सापेक्ष आर्द्रता होते, २७ अंशांवर ४६ टक्के. म्हणजे खालच्यापेक्षा बाल्कनीची हवा कोरडीच. तिथे घाम येतो तो गरम हवेमुळे, हवा हलत नाही म्हणून, आणि डोक्यावर तापलेलं सीलिंग असतं म्हणून. मुंबईत उकाड्याचं सगळं खापर दमटपणावर फोडायची सवय आहे. इथे तसं केलं असतं तर डिह्युमिडिफायरचा आणखी एक प्रस्ताव आला असता.

हॉलचे तीन मजले करून पाहिलं

थर दाखवायचे म्हटल्यावर बहुतेकांना पहिला सुचतो तो मार्ग म्हणजे हॉल आडवा कापायचा. तळापासून चार मीटरचा एक झोन, साडेसातपर्यंत दुसरा, वरचा तिसरा, आणि मध्ये 'एअर बाउंडरी', म्हणजे भिंत नसलेली भिंत. एनर्जीप्लस या सीमेतून ऊन आणि उष्णतेचं उत्सर्जन मोकळेपणी जाऊ देतं. हवेचं मात्र तसं नाही. या झोनमधून त्या झोनमध्ये किती हवा जाते ते सॉफ्टवेअर आपणहून काढत नाही, तुम्ही सांगायचं असतं. साध्या मिश्रणाचा पर्याय निवडून आकडा तसाच सोडला तर ते तासाला ०.५ हवाबदल, म्हणजे तासाभरात निम्म्या हवेची अदलाबदल, धरतं, तेही दोनपैकी लहान झोनच्या घनफळावर.

आमच्या वरच्या झोनचं घनफळ सुमारे १४४० घनमीटर. त्याचे ताशी ०.५ बदल म्हणजे सेकंदाला ०.२ घनमीटर. या थरात पुढचे स्पॉट १२ किलोवॅट, छतातून येणारी उष्णता ८ आणि बाल्कनीतल्या माणसांच्या अंगावरून उठणारी १० मिळून ३० किलोवॅट जमा होतात. कागदावर भागाकार केला तर वरचा थर खालच्यापेक्षा १२५ अंशांनी गरम निघतो. प्रत्यक्ष सिम्युलेशनमध्ये छत आणि भिंती उष्णता शोषून घेतात म्हणून इतका वेडा आकडा येत नाही, पण येतो तोही हसण्यासारखाच. मिश्रण सेकंदाला १ घनमीटर दिलं की हा फरक २५ अंश होतो, ८.३ दिले की ३ अंश, २० दिले की सव्वा. खऱ्या हॉलमधला फरक हवा असेल तर हवा तो आकडा मिश्रणाच्या खान्यात भरा, तुमच्या मनातला फरक छापून मिळतो. अशा मॉडेलचा आलेख मोजमापाशी सुरेख जुळला म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही, कारण इथे आपणच भरून जुळवून आणलेला आकडा पडताळणी म्हणून पुन्हा समोर येतो.

दुसरी अडचण थंड हवेची. नोझल दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सात मीटरवर, मधल्या झोनमध्ये. त्यांतून सुटणारी १३ अंशांची हवा वेगाने हॉलच्या मध्यावर येते आणि तिथून खाली कोसळते. मॉडेलमध्ये ती कुठल्या झोनला द्यायची? मधल्या झोनला दिली तर खालचे प्रेक्षक होरपळतात, खालच्याला दिली तर मधला थर तापतो. एनर्जीप्लसमधलं एअरफ्लो नेटवर्क, म्हणजे झोनमधली हवेची ये-जा दाबावरून काढणारा भाग, तेही करून पाहिलं. दोन खोल्यांमधल्या उभ्या दारातून वर गरम आणि खाली थंड असा दुहेरी प्रवाह त्याला चांगला जमतो, पण झोताचा जोर त्याला दिसत नाही. दाबाचा फरक आणि हवेचं वजन एवढंच ते जाणतं. नोझलमधून फेकलेली हवा किती लांब जाते हा प्रश्न त्याच्या भाषेतच नाही. ट्रान्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका झोनला अनेक हवाबिंदू देता येतात, पण त्या बिंदूंमधला प्रवाह तिथेही तुम्हालाच पुरवावा लागतो.

तयार मॉडेलं आणि त्यांचं मूळ गृहीत

एनर्जीप्लसमध्ये थरांसाठी तयार मॉडेलं आहेत आणि त्यातलं तीन बिंदूंचं डिस्प्लेसमेंट मॉडेल नावाजलेलं आहे. पायाशी, अंगाशी आणि छताशी असे तीन बिंदू. त्यामागचं भौतिकशास्त्र सुंदर आहे. जमिनीलगत हळू सोडलेली थंड हवा तळ्यासारखी पसरते, प्रत्येक माणसाच्या अंगावरून उष्ण हवेचा प्लूम वर चढतो आणि चढताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. प्लूममधली हवा उंचीच्या ५/३ घाताने वाढते, हे मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६ मध्ये दाखवलं. ज्या उंचीवर सगळ्या प्लूमची मिळून हवा पुरवठ्याइतकी होते, तिथे थंड आणि गरम थरांची सीमा बसते.

आमचा हॉल असा नाही, इथे हवा वरून फेकली जाते. पण एक सल्लागार खुर्च्यांखालून हवा देण्याचा विचार मांडत होते, म्हणून तोही हिशेब केला. पुरवठा सेकंदाला साडेसहा घनमीटर, आठशे प्लूम, प्रत्येकात ४० वॅट. सीमा निघाली ६५ सेंटीमीटरवर. बसलेल्या माणसाचं डोकं १.१ मीटरवर असतं. म्हणजे हाउसफुल्ल प्रयोगात गार तळ्याचा काठ प्रेक्षकाच्या मांडीच्या थोडा वर येऊन थांबणार आणि नाकाशी सगळ्यांनी वापरलेली हवाच राहणार. तेही आठशे प्लूम वेगवेगळे धरून. खुर्चीला खुर्ची लागली की ते एकमेकांत मिसळतात आणि हे सूत्र लंगडं पडतं. शिवाय या मॉडेलला जमीन एकच ठाऊक आहे. बाल्कनीची जमीन वरच्या गरम थरातच आहे, हे त्याला सांगायची सोय नाही.

यात मुंबईची स्वतःची एक अडचण आहे. खुर्चीखालून १३ अंशांची हवा सोडली तर घोटे गोठतील, ती १८-१९ अंशांना सोडावी लागते. पण ओल काढायला कॉइलवर हवा १३ च्या आसपास न्यावीच लागते. मग ती पुन्हा तापवा, नाहीतर परतीच्या हवेत मिसळून वर आणा. कोरड्या हवामानासाठी लिहिलेल्या पुस्तकांतला फायदा इथे बराचसा त्यातच जिरतो. आणि खालचा मजला भरीव स्लॅबवर आहे, खाली पोकळी नाही. तो विषय तिथेच मिटला.

शेवटी आम्ही घेतला तो सगळ्यात साधा पर्याय, तापमानाचा नमुना स्वतः देण्याचा. यात झोन एकच राहतो, उष्णतेचा ताळेबंदही एकाच बिंदूचा, पण उंचीनुसार तापमान कसं चढतं हे सांगता येतं. थर्मोस्टॅट किती उंचीवर आहे, परतीची हवा किती उंचीवरून जाते हेही लिहिता येतं. सर्वाधिक भाराच्या वेळेसाठी आम्ही मोजलेला वाकडा चढ जसाच्या तसा दिला. वर्षभराच्या सिम्युलेशनसाठी दोन टोकांचे चढ दिले, रिकाम्या हॉलचा ०.३ आणि भरलेल्या हॉलचा ०.८४. भार बदलेल तसा मधला चढ सॉफ्टवेअर काढतं. नाटकवाल्या मंडळींच्या रिकाम्या हॉलमधल्या तालमीला आणि रविवारच्या दुपार-रात्रीच्या दोन खेळांना एकच चढ लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याने पहिली गोष्ट बदलली ती छताचं खातं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालची पोकळी ४२ अंशांवर असेल आणि आतली हवा २४ धरली तर फरक १८ अंशांचा. सीलिंगला लागून असलेली हवा प्रत्यक्षात ३० अंशांवर आहे म्हटल्यावर फरक १२ राहतो, म्हणजे छतातून येणारी उष्णता एक तृतीयांशाने कमी. एकजीव हवेचं मॉडेल छताला जास्त दोष देत होतं.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच ठळक आहे. तुम्ही दिलेला नमुना शक्य कोटीतला आहे की नाही, हे सॉफ्टवेअर तपासत नाही. प्रत्येक थराचा ताळेबंद ते मांडतच नाही. आर्द्रता तर एकाच बिंदूची राहते. आमच्याकडे पाणी सगळीकडे सारखं निघालं म्हणून ते निभावलं. आणि चढ मोजला त्या मांडणीपुरताच तो खरा. मांडणी बदलली की चढ बदलणार, आणि तो कसा बदलेल हे हे मॉडेल सांगू शकत नाही.

पडदा उघडतो तेव्हा

व्हॉल्व्ह निम्मा का मिटतो याचं उत्तर थर्मोस्टॅटच्या उंचीच्या खान्यात लपलं होतं. इथे थर्मोस्टॅट भिंतीवर नाही. सेन्सर परतीच्या डक्टमध्ये आहे आणि परतीच्या जाळ्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. मॉडेलमध्ये ती उंची टाकल्याबरोबर सेन्सरला दिसणारं तापमान २२.२ आलं. पण डक्टमधली प्रत्यक्ष नोंद त्याहूनही खाली, एकविसाच्या घरात होती, आणि ती पण सबंध प्रयोगभर नाही. तिसऱ्या घंटेनंतर पाच-दहा मिनिटांत ती घसरायची आणि मध्यंतरात सावरायची.

रंगमंचाला स्वतःचं एसी युनिट आहे. मेकअप, जरीचे कपडे, विग यांमुळे कलाकार ते जोरात ठेवायला सांगतात. पडदा बंद असेपर्यंत ती गार हवा विंगांमध्ये साठून राहते. दिव्यांची उष्णता वर जाते, खाली गारवा तसाच. पडदा उघडला की दहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच भोक पडतं. अशा भोकातून खालून थंड आणि वरून गरम हवा किती वाहते, याचं साधं सूत्र आहे. तापमानात फक्त दोन अंशांचा फरक धरला तरी दोन्ही दिशांना सेकंदाला पावणेसहा घनमीटर हवा जाते-येते. सगळ्या हॉलचा पुरवठा साडेसहा आहे, त्याच्या तोडीचा हा प्रवाह. तो जमिनीलगत सरपटत पहिल्या रांगांच्या पायांवरून जातो आणि तिथेच बाजूला असलेल्या परतीच्या जाळीत शिरतो. सेन्सर ही रंगमंचाची हवा चाखतो, हॉल थंड झाला असं समजतो आणि व्हॉल्व्ह मिटतो. बाल्कनीपर्यंत पोचायला हवा तो गारवा कॉइलवरच अडतो.

कंत्राटदाराच्या मॉडेलमध्ये रंगमंच आणि हॉल यांच्यात भिंत होती. आम्ही रंगमंच वेगळा झोन ठेवला आणि मधलं मिश्रण पडद्याच्या वेळापत्रकाला बांधलं. पहिला अंक, मध्यंतर, दुसरा अंक. एवढं केल्यावर डक्टमधल्या तापमानाची घसरण मॉडेलमध्ये त्याच वेळी दिसू लागली, आणि प्लांटरूममधल्या पाण्याच्या तापमानाशीही ती पटली. इथे जुळलेला आकडा कुणी आधी भरलेला नव्हता, म्हणून त्यावर विश्वास ठेवला.

सोईच्या मानकांबद्दल जाता जाता. अ‍ॅश्रे ५५ म्हणतं की बसलेल्या माणसाच्या घोट्यात आणि डोक्यात तीन अंशांहून जास्त फरक नको. इथे एका माणसाच्या उंचीत एक अंशसुद्धा पडत नाही, त्यामुळे कंत्राटदाराच्या अहवालात 'थरांची समस्या नाही' असं लिहून त्या रकान्यात बरोबरची खूण होती. ती मर्यादा एका माणसापुरती आहे. एकाच तिकीटखिडकीवरून घेतलेल्या दोन तिकिटांमध्ये साडेचार अंशांचा फरक पडला तर त्याबद्दल ती काहीच बोलत नाही.

काय केलं

सेन्सर परतीच्या डक्टमधून काढून बाल्कनीच्या मागच्या भिंतीवर नेला, स्पॉटच्या झोतापासून दूर. रंगमंचाचं युनिट तिसऱ्या घंटेच्या आधी वीस मिनिटं सौम्य करायचं, हे स्टेज मॅनेजरच्या यादीत घातलं. कलाकार कुरकुरले, मग रुळले. पुढचे हॅलोजन स्पॉट एलईडीने बदलायचे ठरले, पण तो खर्च वेगळा आहे आणि दौऱ्यावर फिरणारं प्रत्येक नाटक आपला लाइटचा संच घेऊन येतं, त्यामुळे १२ किलोवॅटचा आकडा दर आठवड्याला हलणारच.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. ताजी हवा २.२ घनमीटर आत येते तेव्हा तितकीच बाहेर पडली पाहिजे. आजवर ती दारांच्या फटींतून, जमिनीलगतची साडेबावीस अंशांची, म्हणजे विकत घेतलेली थंड हवा बाहेर जायची. बाल्कनीच्या मागे वर धूर काढायचा जुना पंखा आणि डक्ट होता. त्याला वेग कमी करणारा ड्राइव्ह लावून त्यातून १.७५ घनमीटर हवा सीलिंगजवळून सोडली. तिथली हवा २९ अंशांची. साडेसहा अंशांच्या फरकाने दर सेकंदाला जवळपास साडेतेरा किलोवॅट, म्हणजे चार टनांच्या आसपास, कॉइलला न दाखवता बाहेर जातात. आगीच्या वेळी पंखा पूर्ण वेगाने सुटेल ही जोडणी तशीच ठेवली आणि तसं तपासून घेतलं. १.७५ हा आकडाही मुद्दाम कमी ठेवला आहे. आत येते त्याहून जास्त हवा काढली तर हॉल बाहेरची ओली हवा दारांतून ओढू लागेल, आणि नोझल आधीच ठिबकतात. आतल्या हवेचं दव साडेचौदा अंशांच्या आसपास पडतं, नोझलचं पत्र्याचं तोंड तेराला. पावसाळ्यात मध्यंतराला सगळी दारं उघडतात, वड्याच्या वासासोबत २६ अंशांना दव पडणारी हवा आत येते आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बाजूच्या खुर्च्यांवर थेंब पडतात.

बदलानंतरच्या हाउसफुल्ल प्रयोगात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत २५.६ आणि पुढच्या रांगेत २२.९ अंश नोंदले गेले. जुना चढ धरून आमच्या मॉडेलने बाल्कनी २५.५ ला आणली तर पुढची रांग २१ वर जाईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पुढची रांग उलट किंचित उबदार झाली, कारण रंगमंचाची हवा थोपली आणि वरची गरम हवा निघून गेली, तसा चढच मीटरला ०.४ पर्यंत खाली आला. नव्या मोजमापांचा नमुना आता वेगळ्या फाइलमध्ये आहे, आणि दोन्ही फाइलींच्या नावात मोजणीची तारीख व पंख्याची स्थिती लिहिली आहे.

११० टनांची निविदा मागे घेतली गेली. नोझलची तोंडं किती वळवली तर झोत बाल्कनीच्या कठड्यावरून आत पोचेल, हा प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच मॉडेलला विचारता येत नाही. त्यासाठी सीएफडी, म्हणजे हॉलमधल्या हवेचा प्रवाह बिंदूबिंदूला काढणारं सिम्युलेशन, लागेल, तेही सबंध वर्षाचं नको. दुसऱ्या अंकातला एक क्षण पुरे. भिंती-छताची तापमानं एनर्जीप्लसमधून उचलायची, आकृतीत फक्त नोझल, बाल्कनी आणि माणसं ठेवायची. व्यवस्थापनाने त्याचा खर्च विचारला आहे. त्याआधी वायरमनने दोन नोझल हाताने पाच-सात अंश वर वळवून ठेवली आहेत आणि समोर एक लॉगर टांगला आहे.